तिळाची ब्राउनी ऐकावी लागते

बुर्ज हम्मूद, बैरुत
मंगळवार, २४ फेब्रुवारी १९९८

तोरोस,

तुझी मुलगी सुखरूप पोचली. एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, कारण तेरा वर्षांत तू मला तेवढंही लिहिलेलं नाहीस. पण नाझेली म्हणाली, "आत्या, एका वाक्यासाठी तिकीट वाया घालवतेस? चार ओळी तरी लिही." फोन केला की माझा आवाज ऐकून तू तो ठेवून देतोस. पत्र मात्र फेकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. म्हणून लिहिते.

शनिवारी दुपारी जिन्यात पावलं वाजली. एकेक पायरी सोडून, धडाधड. आपल्या जिन्यात असं चढणारा एकच माणूस होता, म्हणून मी हातातली परात तशीच टेबलावर टाकली आणि दार उघडलं. समोर बावीस वर्षांची बाई उभी, हातात दोन बॅगा, आणि कपाळाखाली आपल्या बाबांच्या भुवया. जशाच्या तशा, डावी जरा वर चढलेली. ज्या मुलीला ती नऊ वर्षांची असताना मी शेवटचं पाहिलं, तिच्या तोंडावर माझे वडील बसले होते, आणि मी दारच अडवून उभी राहिले. तीच म्हणाली, "तुझी पीडा मला लागो, आत्या, आत तरी घे."

तुझ्या खोलीत झोपते. इथल्या आपल्या आर्मेनियन शाळेत चार महिने इंग्रजी शिकवणार आहे, हे तुला माहीतच आहे. जेवताना एक पाय खुर्चीवर घेऊन बसते. मी रागावले तर म्हणते, "बाबाही असेच बसतात." मग मी तिला आणखी वाढते.

काल मोठा उपास लागला. साजूक तुपाचा डबा फडक्यात बांधून मी माळ्यावर टाकला, आणि स्वयंपाकघरात कांद्यात सात पिसं खोचून तो छताला टांगला. दर आठवड्याला एक पीस उपटायचं, शेवटचं उपटलं की ईस्टर. नाझेली त्या कांद्याखाली मान वर करून किती वेळ उभी होती. म्हणाली, "बाबांनी सांगितलं होतं, पण मला वाटलं गंमत करतायत."

समोरच्या गॅलरीतली मान्निग अजून आहे. सत्तर उलटली, जीभ मात्र विशीतली. ओरडून विचारते, "काय गं सिरवार्त, ही अमेरिकेची पोरगी चाळीस दिवस लोण्या-अंड्यावाचून जगायची का?" तुझी मुलगी म्हणते, "मान्निगमावशी, लोण्यावाचून जगेन हो. तुमच्या चौकशीवाचून नाही जगणार." सगळी गल्ली हसली.

माझं बरं आहे. जानेवारीत जरा ताप येऊन गेला, आता ठणठणीत आहे. खालचं तिळाचं दुकान उत्तम चाललंय. भट्टीवर आपला कामगार ओवानेस असतो, आणि तीळ कधी उतरवायचे ते अजून मीच सांगते. या गल्लीत तीळ दळून काढलेल्या ताहिनीच्या बाबतीत माझ्या नाकाचा शब्द अजूनही शेवटचा.

सिरवार्त


मंगळवार, ३ मार्च

तोरोस,

तुझ्या मुलीने काल मला माझ्याच घरातली एक गोष्ट दाखवली. तिची परवानगी न घेता लिहिते आहे.

रविवारपासून तिला ब्राउनीची आठवण येत होती. उपासात नको तेच खावंसं वाटणार, आपल्यालाही नाही का लहानपणी नेमकं चीजच आठवायचं. मी म्हटलं, "लोणी नाही, अंडं नाही, दूध नाही. मग उरलं काय त्यात, डबा?" ती म्हणाली, "लोण्याऐवजी ताहिनी घालू. खाली तिळाची गिरणी असताना वर बसून लोण्यासाठी रडायचं म्हणजे कमाल आहे." अंड्याच्या जागी तिने खजूर शिजवून घोटले. खजूर आणि अंडं यांचं नातं मला अजून कळलेलं नाही, पण तिला विचारलं की ती हात हलवून "होतं गं" एवढंच म्हणते.

काळं चॉकलेट तिने उकळत्या पाण्यावर वाडगं ठेवून वितळवलं. त्यात ताहिनी ओतली. छान, चकचकीत झालं. मग खजुराचं पाणी घातलं, आणि सगळं वाडगं एका क्षणात दगड झालं. चमचा उभा राहिला. नाझेलीचा चेहरा रडवेला. "गेलं, आत्या! सगळं चॉकलेट गेलं!"

मी हसायला लागले. "थांब. आणखी पाणी घाल."

"अगं, पाण्यानेच तर बिघडलं!"

"मग पाण्यानेच सुटेल. घाल, घाबरू नकोस."

तिने भीतभीत अर्धी वाटी ओतली आणि घोटायला लागली. तुला माहीत आहे काय होतं ते. तो गोळा हळूहळू सैल होतो, फिकट होतो, आणि चमच्यावरून साटिनसारखा ओघळायला लागतो. नाझेलीचे डोळे असे मोठे झाले. चमचा वर धरून ती त्या धारेकडे बघतच राहिली. आणि मी तिच्याकडे. चाळीस वर्षं मी हे रोज करते, लिंबू पिळून, पाणी घालून, बोलता बोलता, एक डोळा रस्त्यावर ठेवून. थोड्या पाण्याने जी घट्ट होते तीच ताहिनी जास्त पाण्याने सुटते, यात नवल करण्यासारखं काही आहे, हे मला काल कळलं. मग मी दुसऱ्या वाडग्यात पुन्हा करून पाहिलं. उगीच. बघण्यासाठी.

मैदा, कोको, साखर घालून तिने मिश्रण डब्यात ओतलं. वरून ताहिनीच्या रेघा ओढल्या आणि सुरीच्या टोकाने त्यांची वळणं केली. डबा ओव्हनमध्ये गेला. वीस मिनिटांनी बघते तर पोरगी गुडघ्यावर बसलेली, ओव्हनचं दार बोटभर उघडलेलं, आणि कान त्या फटीला.

"अगं कान भाजेल!"

"शू. अजून बोलतेय."

"कोण?"

"ब्राउनी. साधा केक असेल तर तो गप्प होईपर्यंत थांबायचं. ब्राउनी मात्र कुजबुजत असतानाच बाहेर काढायची. गप्प झाली म्हणजे आतून वाळली." तिने डबा काढून माझ्या कानाजवळ धरला. "ऐक."

खरोखर आतून आवाज येत होता, तोरोस. बारीक बारीक, पाण्यात मीठ विरघळावं तसा. मी विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

"बाबांकडून. दुसरं कोण असं करतं?"

मला खुर्ची ओढून बसावं लागलं. या स्वयंपाकघरात अन्न बोलतं असं म्हणणारा एक मुलगा होता, आणि त्याला बहिऱ्या म्हणणारी एक बहीण होती. पुढचं आज लिहीत नाही.

मान्निगने चार तुकडे खाल्ले. म्हणाली, "इतकं चांगलं लागतंय की पाप केल्यासारखं वाटतं. नक्की उपासाचं आहे ना गं?" सगळे म्हणाले, चव अप्रतिम होती.

सिरवार्त


मंगळवार, १० मार्च

तोरोस,

गेल्या पत्रात लिहिलं, सगळे म्हणाले चव अप्रतिम होती. मी काय म्हटलं ते लिहिलं नव्हतं. मला काही चव लागलीच नाही. गोड कळलं, जिभेला. बाकी ओली माती खाल्ली असती तरी तेवढंच कळलं असतं.

काल नाझेली शाळेतून यायच्या आत तिच्यासाठी ब्राउनी करून ठेवावी असं ठरवलं. मिश्रण जरा घट्ट वाटलं म्हणून ओट्याशेजारच्या डब्यातून तीन चमचे वनस्पती तूप घातलं आणि डब्यालाही तेच भरपूर फासलं. छान झाली. वर चकाकी आली. गरम आहे तोवर दोन तुकडे मान्निगला नेऊन दिले. तिने माझ्यासमोरच एक तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

नाझेली आली ती दारातच थबकली. "आत्या, घरात साजूक तुपाचा वास येतोय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "उपासात? माझ्या घरात? येत असता तर मला नसता आला? या नाकासमोर नुसतं तुपाचं नाव घे, मी सांगेन गायीचं की मेंढीचं!"

ओट्याशेजारचा डबा उचलून तिने झाकण काढलं आणि माझ्या नाकाखाली धरला. "हे काय आहे?"

"वनस्पती."

"आत्या, डोळे मीट." मी मिटले. तिने काहीतरी जवळ धरलं. मी म्हटलं, कॉफी. दुसरं धरलं. मी म्हटलं, साबण. तिसऱ्या वेळी मी काहीच म्हटलं नाही. डोळे उघडले तर ओट्यावर व्हिनेगरची बाटली, चिरलेला लसूण आणि तो डबा. दोन्ही डबे सारखेच, पत्र्याचे, बिनचिठ्ठीचे. चिठ्ठी लावायची मला कधी गरजच पडली नव्हती. उपास लागला तेव्हा मी भक्तिभावाने फडक्यात बांधून माळ्यावर टाकलं ते वनस्पती. साजूक तूप खालीच राहिलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

जानेवारीच्या तापापासून. ताप उतरला तेव्हा सकाळी दुकानाचं दार उघडलं, आणि आत काही नव्हतं. भट्टी चालू होती, ओवानेस तीळ ढवळत होता, आणि माझ्यापुरतं ते दुकान रिकामं होतं. मला वाटलं दोन दिवसांत येईल. सात आठवडे झाले. तेव्हापासून मी रंग बघून "उतरव" म्हणते आणि नाक फेंदारून उभी राहते, नाटकातल्यासारखी. दोन गिऱ्हाइकं म्हणाली, यंदा ताहिनी कडवट आहे. मी त्यांना वेड्यात काढलं. हे मी डॉक्टरला सांगितलं नाही, पाद्रीबाबांना सांगितलं नाही. तुला सांगते आहे, कारण तुझ्यासमोर आता माझं नाक वर राहायचं काही कारण उरलेलं नाही.

मी रडले. नाझेलीने मला बराच वेळ धरून ठेवलं. मग तिला एकदम आठवलं. "मान्निगमावशी!"

"तिला सांगू नकोस, आत्या," ती म्हणाली. "तिला कुठे कळलंय?" पण सत्तरीची बाई, गुडघे दुखत असताना रोज चर्चला जाणारी, पंधरा दिवस कोरडं खाणारी. तिच्या पोटात मी तूप घालून आले होते. मी नाक मुठीत धरून रस्ता ओलांडला.

सगळं ऐकून घेतलं तिने. तुपाचं आणि नाकाचंही. मग कमरेवर हात ठेवले. "म्हणजे तीन आठवडे मी सांगतेय ताहिनी कडू लागते, आणि तू मला म्हणालीस, मान्निग, तुझी जीभ म्हातारी झाली!"

"म्हणाले."

"गल्लीसमोर म्हणालीस!"

"गल्लीसमोर म्हणाले."

"आता गल्लीसमोरच सांग माझी जीभ शाबूत आहे म्हणून." मग तिने ताटलीतला उरलेला तुकडा उचलला. मी हात धरायला गेले. "सोड. उपास मोडलाच आहे, तर नीट मोडू दे. देवाला अर्धवट कामं आवडत नाहीत. उद्यापासून पुन्हा धरते."

तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळलं. आज सकाळी दुकान उघडायची लाज वाटत होती. कोणी हसलं नाही. उलट एका बाईने गुलाबपाण्याची बाटली आणून दिली, रोज हुंगा म्हणाली. मी चाळीस वर्षं ज्यांच्यापुढे नाकाने कांदे सोलले, ती माणसं इतकी चांगली आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

सिरवार्त


शनिवार, १४ मार्च

तोरोस,

हे पत्र एकटा असताना वाच.

बुधवारी नाझेली म्हणाली, "नाक गेलं तर गेलं. कान आहेत ना?" तिने तुझ्या-माझ्या आईची जुनी कढई चुलीवर ठेवली, मूठभर धुतलेले तीळ टाकले आणि मला डोळे मिटायला लावले. "लाकडी चमचा फिरवत राहा आणि बोलू नकोस. न बोलणं तुला जड जाईल."

पहिल्यांदा नुसतं तेच, कढई घासल्याचा आवाज. मी वैतागले. तिने माझ्या खांद्यावर बोट टेकवलं. मग कळायला लागलं. ओले तीळ कुजबुजतात, चर्चमध्ये प्रार्थना सुरू व्हायच्या आधी बायका कुजबुजतात तसं. मग ओल जाते आणि कोरडा आवाज येतो, वाळूचा. मग एक तीळ टिकटिक करतो. मग दुसरा. मग इतके की वेगळे ऐकू येत नाहीत. आणि मग, तोरोस, एक श्वासभर सगळे थांबतात. अगदी गप्प. "आता!" नाझेली म्हणाली. मी कढई उतरवली.

डोळे उघडले. सोनं. एकही तीळ काळा नाही, एकही पांढरा नाही.

मी पुन्हा केलं. पुन्हा. सहा मुठी भाजल्या. सहाव्या वेळी नाझेलीच्या आधी मी "आता" म्हटलं. मला हसू येत होतं. अठ्ठावन्न वर्षं मी तिळांच्या घरात राहिले, तिळांवर जगले, आणि ते बोलतात हे मला माहीत नव्हतं. सारखे बोलत होते. मीच त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलत होते.

आता पंच्याऐंशी सालचं. तुला आठवतं तेवढं तू आठव, पण अर्धं तुला माहीत नाही.

लढाई चालू होती, उपास चालू होता, आणि तीन महिन्यांनी पाच पोती तीळ मिळाले होते. दारात रांग होती. तू भट्टीसमोर डोळे मिटून उभा होतास. मी बाहेरून आले, मला वास जरा पुढे गेलेला वाटला, आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, तीळ जाळलेस, कान असून बहिरा. मोठं घमेलं भरलेलं होतं ते मी उचलून गटारात ओतलं. तू एप्रन काढून खिळ्याला टांगलास. घडी घालून टांगलास, तेही आठवतं. आणि गेलास.

तुला माहीत नाही ते हे. निम्मे तीळ भट्टीत राहिले होते. वाया जायला नकोत म्हणून दुपारी मी ते दळले. अशी ताहिनी आपल्या गिरणीतून आधी कधी निघाली नव्हती, नंतरही नाही. मला पहिल्या बोटाला कळलं. बाबांनी पावाचा तुकडा बुडवला, खाल्ला, पुन्हा बुडवला, पुन्हा खाल्ला. मग म्हणाले, "बोलाव त्याला. बोट सुटायच्या आत बोलाव."

तू अजून दोन दिवस जुनियेला होतास, बायको-मुलीला घेऊन, सायप्रसच्या बोटीची वाट बघत. मला माहीत होतं कुठल्या घरी. मी बाबांना म्हटलं, जाते. शाल घेतली, घराबाहेर पडले, चर्चमध्ये जाऊन तासभर बसले आणि परत आले. बाबांना सांगितलं, बोट गेली. तो न भेटताच गेला.

चार वर्षांनी बाबा वारले ते हेच खरं धरून. तू त्यांचा निरोप न घेता गेलास असं त्यांना वाटत राहिलं, आणि त्यांनी तुला बोलावलं नाही असं तुला. दोघांच्या मधे मी बसले होते. माफ कर असं लिहायला हात उठत नाही. फक्त तुला कळावं, एवढंच. तू बरोबर होतास. तेव्हाही मला माहीत होतं. या बुधवारी ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

नाझेलीला यातलं काही सांगितलेलं नाही. सोमवारी पोस्टात टाकेन.

सिरवार्त


गुरुवार, १९ मार्च

तोरोस,

काल उपासाची निम्मी वाट सरली. अर्ध्या उपासाला करायचा नाण्याचा केक आम्ही ब्राउनीचाच केला. पाद्रीबाबांनी शंका घेतली, "हे आपल्या परंपरेत बसतं का?" नाझेलीने विचारलं, "यात दूध नाही, अंडं नाही, आत नाणं लपवलेलं आहे. आणखी काय हवं?" पाद्रीबाबांनी तिसरा तुकडा घेतला, म्हणजे बसत असावं. ज्याला नाणं मिळतं त्याचं वर्ष चांगलं जातं, आणि ते मान्निगच्या तुकड्यात निघालं. तिचा दात वाचला, आमचं वर्ष गेलं.

पण तू दुपारचं विचारशील. दुपारचं मला अजून नीट लिहिता येत नाही. प्रयत्न करते.

केकसाठी ताजी ताहिनी घरीच करायची असं मी ठरवलं होतं, माझ्या कानाने भाजलेली. तीन वाजले होते. नाझेली बाहेर फोनवर इंग्रजीत कोणाशी तरी हसत होती. मला वाटलं, मैत्रीण असेल. मी कढई ठेवली, डोळे मिटले. कुजबुज झाली, वाळू झाली, टिकटिक सुरू झाली. एवढ्यात खाली कोणीतरी ट्रकचा भोंगा वाजवला, मान्निगने त्याला शिव्या घातल्या, आणि माझा धागा तुटला. तीळ गप्प झाले होते की व्हायचे होते? की गप्प होऊन पुढे गेले होते? मला कळेना. आईशपथ सांगते, मला पंच्याऐंशी साल दिसलं. चमचा हातात तसाच राहिला.

आणि माझ्या पाठीमागून, कढईच्या अगदी जवळून, तुझा आवाज आला. "ताई, उतरव! आत्ता!"

मी उतरवली. विचार केला नाही, मागे पाहिलं नाही, उतरवली. मग वळले. नाझेली फोनची लांब वायर ताणून उभी होती, हात पुढे करून, रिसीव्हर कढईवर धरून. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तिने रिसीव्हर माझ्या कानाला लावला. तुझा श्वास ऐकू येत होता, आणि तुझ्या मागे कुठेतरी किटली शिट्टी घालत होती. मग तू म्हणालास, "पूर्ण गार होऊ दे. मग दळ." आणि म्हणालास, "मला कामावर जायचंय." आणि ठेवलास.

तीळ सोन्यासारखे झाले होते. समुद्र ओलांडून, अमेरिकेत, वॉटरटाउनमधल्या तुझ्या स्वयंपाकघरात, एका तारेतून, तुला बुर्ज हम्मूदमधल्या मूठभर तिळांचा तो एक श्वास ऐकू आला. मी काल चर्चमध्ये उभी होते आणि पाद्रीबाबा वाळवंटातल्या मान्न्याबद्दल बोलत होते, स्वर्गातून पडणाऱ्या अन्नाबद्दल. मी मनात म्हणत होते, मी आज याहून मोठं पाहिलं आहे. देव रागावणार नाही, त्यालाच तर माहीत आहे.

ब्राउनीची चव मला अजून लागत नाही. पण ओव्हनच्या फटीला कान लावून मी ती कुजबुजत असताना काढली, आणि ती कापली तेव्हा आतून ओलसर होती. मला सुरीवर दिसलं. नाझेली म्हणाली, बाबांच्या हातच्यासारखी झाली आहे, हे त्यांना कळवायला हवं.

आज सकाळी दुकानात बसले असताना एक गोष्ट ध्यानात आली. माझं शनिवारचं पत्र सोमवारी गेलं. तुझ्यापर्यंत पोचायला दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे काल तू मला हाक मारलीस तेव्हा तुला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी काय केलं हेही नाही, मी ते कबूल केलं हेही नाही.

नाझेलीला मी आज सगळं सांगितलं. ती सगळं ऐकून फोनजवळ गेली. मग म्हणाली, "बाबांना फोन करते. ते पत्र न उघडता फाडून टाका म्हणते. ते फाडतील." तिच्या मनात माझ्याबद्दल प्रेम आहे म्हणून म्हणाली. मोह झाला, तोरोस. तेरा वर्षांनी ताई म्हणून घेतल्यावर कोणाला नाही होणार? मी तिला नको म्हटलं.

म्हणून हे लिहिते. ते पत्र उघड. सगळं वाच, मधलं पानही. काल तू जिला ताई म्हणालास, ती ही आहे. वाचून झाल्यावरही तेच म्हणावंसं वाटलं, तर फोन कर. आम्ही बुधवारी तीनला तीळ भाजतो.

सिरवार्त